जुन्या लेडीज घड्याळाची पाठचिकित्सा

जुनी वस्तू विकत घेणे आणि जुना ग्रंथ वाचणे या दोन कृतींत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न खरेपणाचा असतो. समोर आहे ते मुळात होते तसेच आपल्यापर्यंत आले आहे काय? मधल्या हातांनी त्यात काय घातले, काय काढले, आणि ते कोणत्या हेतूने? हस्तलिखितांना असे प्रश्न विचारण्याची शिस्त मराठी अभ्यासाच्या अंगवळणी पडून शंभराहून अधिक वर्षे झाली. प्रस्तुत लेखात तीच शिस्त एका लहानशा वस्तूला लावून पाहावयाची आहे. ही वस्तू म्हणजे चावीचे, स्त्रियांनी वापरलेले जुने मनगटी घड्याळ. बाजारात त्याला ‘लेडीज घड्याळ’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू.

प्रश्न अगदी व्यावहारिक स्वरूपात मांडता येईल. यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, दोन-तीन हजार रुपयांपलीकडे जाऊ न शकणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला किंवा विद्यार्थिनीला अस्सल जुने लेडीज घड्याळ घ्यावयाचे आहे. तिने कोणते घ्यावे, आणि ते अस्सल आहे हे कसे ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर केवळ खरेदीच्या सूचना देऊन पुरे होत नाही. अशा घड्याळाचा खरेपणा ठरविण्यासाठी ते कोणाच्या मनगटावर होते आणि तेथे कसे पोचले, हे आधी समजून घ्यावे लागते. आणि स्त्रीची स्वतःची वेळ या विषयावर लिखित पुरावा फार थोडा असल्याने ही घड्याळेच पुरावा ठरतात. ती खोटी केली गेली की तो पुरावाही पुसला जातो.

आरंभ शब्दापासून करू. ‘घड्याळ’ या शब्दाच्या मुळाशी ‘घटिका’ आहे. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. तिचे साठ भाग केले की एक पळ. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवावे आणि ते भरून बुडाले की घटका भरली असे मानावे, ही पद्धत आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी दीर्घकाळ टिकली. स्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत काटेकोरपणे मोजलेली वेळ बहुधा हीच असे. एरवी तिचा दिवस जात्यावर सुरू होई आणि चुलीपाशी संपे. तो मोजण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. काम संपण्याची ठरलेली वेळ नसेल तर घड्याळाचा उपयोग तरी कोणता?

पाश्चात्त्य इतिहासात मात्र मनगटी घड्याळ प्रथम स्त्रीचे होते. नेपल्सच्या राणीसाठी ब्रेगे या घड्याळकर्त्याने १८१० मध्ये मागणी स्वीकारून १८१२ मध्ये मनगटावर बांधावयाचे घड्याळ पुरे केले, असे त्या घराण्याच्या नोंदी सांगतात. पुढे शंभर वर्षे पुरुष खिशात घड्याळ ठेवीत आणि मनगटावरचे घड्याळ हा बायकी दागिना समजत. पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) खंदकांत हा समज मोडला. हातात शस्त्र असताना खिशात हात घालणे परवडत नव्हते. युद्ध संपले तेव्हा मनगटी घड्याळ पुरुषाचे झाले होते, आणि स्त्रीचे घड्याळ अधिकाधिक लहान, अधिकाधिक दागिन्यासारखे होऊ लागले होते. लेडीज घड्याळाचे यंत्र नखाएवढे झाले ते या फॅशनमुळे. चांगली वेळ राखण्यासाठी लहान यंत्र सोयीचे नसते. लहान बॅलन्स चाकाची गती धक्क्याने आणि तेल सुकल्याने चटकन बिघडते. अनेक लेडीज घड्याळांना सेकंदकाटाही नसे. स्त्रीला सेकंदांशी काय कर्तव्य, असा त्यामागचा समज असावा. नाडी मोजणाऱ्या परिचारिकेचे मनगट तो समज करून घेणाऱ्यांनी पाहिले नसावे.

आपल्याकडे मनगटी घड्याळ सर्वसामान्य घरात आले ते बहुतांशी लग्नाच्या वाटेने, आणि तेही नवऱ्या मुलासाठी. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही त्रयी वऱ्हाडातच काय, साऱ्या महाराष्ट्रात जावयाच्या मानपानाची परिचित यादी होती. वधूपित्याने घेतलेले घड्याळ वराच्या मनगटावर बांधले जाई; वधूच्या अंगावर सोने असे. सोने मोडता येते, गहाण टाकता येते. म्हणून सोने ही तिची ठेव, आणि वेळ ही त्याची, अशी ही वाटणी होती. स्त्रीच्या मनगटावर घड्याळ यावयाचे तर दुसरी वाट हवी होती. ती वाट पगाराची होती.

या दृष्टीने १९६१ हे साल विलक्षण आहे. त्या वर्षी हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. त्याच वर्षी बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे तयार करण्यास आरंभ केला. ही कंपनी स्थापन झाली होती १९५३ मध्ये, यंत्रे घडविणारी यंत्रे बनविण्यासाठी. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला. ज्या समितीच्या शिफारशींवर तो आधारला होता तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे महागावच्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामास लागल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. तरीही शाळा, आरोग्यकेंद्रे आणि पुढे १९७५ नंतर अंगणवाड्या यांच्या द्वारा ज्या स्त्रिया ठरलेल्या वेळी घराबाहेर पडू लागल्या, त्यांना परवडेल असे देशी घड्याळ नेमके याच काळात उपलब्ध होत गेले, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिण्याजोगी नाही. महागावच्या बाजूला वेळ रेल्वेने आणली नाही. ती आणली एस.टी.ने, शाळेच्या घंटेने, तहसील कचेरीने आणि आकाशवाणीने. रेडिओवरील बातम्यांच्या वेळेला घड्याळ लावून घेणे हा सकाळचा विधी होता, आणि चावी देणे हा त्याचाच भाग. साडेसातची बस चुकली तर अकराची शाळा चुकते, हा हिशेब जिला करावा लागे तिच्यासाठी घड्याळ दागिना उरला नव्हता.

एचएमटीच्या नावांकडे साहित्याच्या वाचकाने जरा थांबून पाहावे. पुरुषांच्या घड्याळांना ‘जनता’, ‘जवान’, ‘पायलट’ अशी नावे मिळाली : समूहाची, पेशांची, कर्तृत्वाची. आरंभीच्या लेडीज घड्याळाला नाव मिळाले ‘सुजाता’. येथे पेशा नाही. एका स्त्रीचे नाव तेवढे आहे, आणि त्याचा अर्थही कुलीन असा. शिक्षिका, परिचारिका, कारकून अशी नावे कोणाला सुचली नाहीत, जरी घड्याळ घेणाऱ्या पुष्कळ जणी त्याच होत्या. पण नावाचा अर्थ देणाऱ्याच्या हाती राहत नाही. सुजाता म्हणजे तपश्चर्येने क्षीण झालेल्या बुद्धाला खीर देणारी स्त्रीही; १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील किती तरी घरांत हे नाव कुलीनतेच्या अर्थाने ऐकू येणे शक्य नव्हते. एकाच तबकडीवरच्या एका शब्दाचे असे दोन पाठ संभवतात.

आता बाजाराकडे वळू. महागावच्या खरेदीदाराला पुसद, उमरखेड, यवतमाळ किंवा नांदेडच्या दुकानांत, अथवा घरोघरीच्या पेट्यांत, ढोबळमानाने चार प्रकारचा माल आढळेल. पहिला स्विस : फावर-ल्युबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी इत्यादी. फावर-ल्युबाचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंडच्या ‘सोवार’ या छापात आपला ‘सवार’ हा शब्दच आहे. दुसरा एचएमटीचा. तिसरा हैदराबादच्या ऑल्विनचा. या कंपनीने जपानच्या सेइकोच्या सहकार्याने १९८० च्या दशकात घड्याळे काढली होती. चौथा टायटनचा. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजाराचे रूप पालटले आणि चावीची लेडीज घड्याळे हळूहळू पेटीत गेली. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून जुन्या एचएमटीला संग्राहकांचे भाव आले. मात्र हे भाव मुख्यतः पुरुषांच्या घड्याळांना आले. संग्राहक बहुधा पुरुष, त्यांना हवे असते मोठे घड्याळ, आणि लहान यंत्राच्या दुरुस्तीची कटकट नको असते. म्हणून एचएमटीचे चालते लेडीज घड्याळ आमच्या मर्यादेत सहज बसते. ज्या उपेक्षेने ते स्वस्त केले तीच उपेक्षा गरीब खरेदीदाराच्या पथ्यावर पडते.

स्वस्ताईबरोबर एक धोकाही येतो. जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ ही संज्ञा रूढ आहे, आणि ती आपल्याला भूषणावह नाही. जुने, बहुधा खरेच यंत्र घ्यावयाचे. त्यावर नवी रंगविलेली तबकडी, दुसऱ्याच घड्याळाचे काटे आणि पॉलिश करून किंवा नव्याने मुलामा देऊन चकचकीत केलेली केस चढवावयाची. आणि ‘जुने अस्सल’ म्हणून विकावयाचे. गडद निळी, लाल, हिरवी तबकडी आणि तीवर ठळक नाव असे त्याचे रूप असते. मूळ कारखान्याने तसले रंग कधी काढलेही नसतील. पाठचिकित्सेच्या भाषेत याला प्रक्षेप म्हणतात : संहिता जुनी, पण तीत नव्या हाताने जुन्याच्या नावाखाली घातलेला मजकूर.

पण म्हणून प्रत्येक फेरफार खोटा ठरत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला तेव्हा त्यांनीही ग्रंथाला हात लावलाच होता. फरक असा की आपण काय केले हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी सांगून ठेवले आणि पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. लीळाचरित्राची कथा तर आपल्या भागाला आणखी जवळची. पैनगंगेपलीकडचे माहूर हे महानुभावांचे पूज्य स्थान; त्यांचा हा ग्रंथ मूळ रूपात हरवला आणि स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध झाला, म्हणून त्याचे अनेक पाठ झाले. ते पाठ खोटे नाहीत. ते एका हानीची आणि ती भरून काढण्याच्या धडपडीची साक्ष आहेत. घड्याळाचेही तसेच. मेनस्प्रिंग बदललेली, काच नवी, पट्टा नवा, यात काहीही गैर नाही. या झिजणाऱ्याच वस्तू आहेत. एखाद्या बाईने १९७० च्या दशकात पाणी शिरून डागळलेली तबकडी रंगवून घेतली असेल तर तीही त्या घड्याळाच्या चरित्राचा भाग. दुरुस्ती आणि बनावट यांतली सीमारेषा हेतूने ठरते, आणि तो हेतू ओळखण्याची खूण एकच : विकणारा ती गोष्ट सांगतो की लपवितो.

तरी केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. घड्याळ वाचण्याचा एक क्रम आम्ही सुचवितो. प्रथम तबकडी, भिंगाखाली. मूळ छपाई बारीक, एकसारख्या जाडीची आणि स्वच्छ कडांची असते. पुन्हा रंगविलेल्या तबकडीवर अक्षरे फुगलेली, रेषा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या, क्वचित स्पेलिंगही चुकलेले. स्विस घड्याळावर सहाच्या अंकाखाली ‘स्विस मेड’ ही अक्षरे बहुधा असतात. ती गायब असतील किंवा जाड झाली असतील तर संशय घ्यावा. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी किंचित पिवळसर, कडेला डागळलेली असणे हा दोष समजू नये. मग काटे : तासकाटा खुणांच्या आतल्या कडेपर्यंत आणि मिनिटकाटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचला पाहिजे, आखूड किंवा वेगळ्या घाटाचे काटे दुसरीकडून आलेले असतात. त्यानंतर केस. सोन्याचा मुलामा पट्ट्याच्या टोकांशी आणि चावीच्या बाजूला आधी झिजतो व खालचे पितळ दिसू लागते. सगळीकडे एकसारखी झळाळी असेल तर ती अलीकडची आहे. मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे असेल तर ते केवळ झाकणाविषयीचे विधान आहे, पुढच्या भागाविषयीचे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी यंत्राची. झाकण उघडून दाखविण्यास नकार देणाऱ्या दुकानदाराकडून काही घेऊ नये. यंत्रावर नाव आणि ज्वेलची संख्या कोरलेली असते. तबकडीवरील संख्येशी ती जुळली पाहिजे. येथे एक सावधगिरी हवी. अनेक स्विस कंपन्या स्वतः यंत्र बनवीत नसत; ए. शिल्डसारख्या कारखान्यांकडून ते विकत घेत. म्हणून तबकडीवर एक नाव आणि यंत्रावर शिल्डची खूण एवढ्यावरून घड्याळ बनावट ठरत नाही. शेवटी चाल. पूर्ण चावी दिल्यावर सुमारे दीड दिवस घड्याळ चालावे. आडवे आणि उभे ठेवून दिवसभरात मिनिट-दोन मिनिटांचा फरक पडला तर या वयाच्या लहान यंत्राकडून अधिक अपेक्षा करू नये. पाचपंधरा मिनिटे चालवून दाखविलेल्या घड्याळाला चालते म्हणता येत नाही.

झाकण उघडलेलेच असते, तर त्याच्या आतल्या बाजूकडे अवश्य पाहावे. घड्याळजी दुरुस्ती केली की तेथे सुईने बारीक खूण करतो : एखादे अक्षर, आकडा, कधी तारीख. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिक आपली पुष्पिका लिहितो, तिचीच ही भावंडे. अशा चार-पाच खुणा असलेले घड्याळ कोणी तरी वर्षानुवर्षे वापरले, बिघडले तेव्हा फेकले नाही, दुरुस्तीस दिले, असा त्याचा अर्थ. बाहेरच्या बाजूवर क्वचित नाव किंवा आद्याक्षरे कोरलेली आढळतात. आपल्याकडे लग्नात दिलेल्या तांब्या-पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. पण त्यावर बहुधा देणाऱ्याचे नाव असते. घड्याळावर स्वतःचे नाव घालून घेणारी स्त्री काही वेगळे सांगत असते. ‘मुंबई स्पेशल’ करणाऱ्याच्या पॉलिशच्या चाकाखाली सर्वांत आधी जाते ते हेच नाव. बनावटीने ग्राहकाचे पैसे बुडतात, एवढाच या व्यवहाराचा दोष सांगितला जातो. आम्हांला त्याहून मोठी वाटणारी हानी ही आहे.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. दोन-तीन हजारांत स्विस नावाच्या मागे लागू नये. त्या किमतीत चमकणारे स्विस घड्याळ मिळाले तर ते बहुधा रंगविलेलेच असेल. एचएमटीचे चावीचे, फिकट तबकडीचे, मुलामा झिजलेले, चालते घड्याळ घ्यावे आणि पैशांचा काही भाग घड्याळजीसाठी राखून ठेवावा. तेल सुकलेल्या यंत्राला साफसफाई लागतेच, आणि लहान यंत्र हाताळण्यास तयार असणारा कारागीर आता शोधावा लागतो. घड्याळ घेण्यापूर्वी तो गाठावा. ‘हे मी करीन’ असे तो म्हणाला तरच व्यवहार पुरा करावा. नवे भाग मिळत नसल्याने तो दुसऱ्या बंद घड्याळातून भाग काढतो. तेव्हा त्याच नमुन्याचे एखादे बंद घड्याळ थोडक्या पैशांत मिळत असेल तर सोबत घेणे शहाणपणाचे.

दुकानापेक्षा घरच्या पेटीतले घड्याळ अधिक विश्वासाचे, हेही खरे. त्याचे एक कारण कठोर आहे. कापसाच्या या जिल्ह्यात पीक गेले, आजारपण आले की घरातले सोने आधी जाते. सावकाराने किंवा बँकेने लेडीज घड्याळ कधी तारण घेतले नाही. त्याला मोड नव्हती, म्हणून ते राहिले. ज्या पेटीतून मंगळसूत्रही निघून गेले तेथे एखादी बंद पडलेली ‘सुजाता’ अजून सापडू शकते. अशा घरातून ते घेताना त्याची किंमत पाडून मागणे आम्हांला उचित वाटत नाही. आणि ते कोणी, कोठे, कोणत्या नोकरीत वापरले हे विचारून, विकणाऱ्यांची हरकत नसेल तर, लिहून ठेवणे हे खरेदीइतकेच आवश्यक समजावे. ती चिठ्ठी घड्याळासोबत राहिली तर पुढच्या वाचकाला मूळ पाठ मिळेल.

अस्सल म्हणजे न वापरलेले, ही बाजारातली व्याख्या आहे. ग्रंथांच्या बाबतीत आपण ती केव्हाच सोडली. ज्या पोथीच्या कडा बोटांनी काळवंडल्या तीच वाचली गेली, हे आपण जाणतो. स्त्रीच्या वेळेचा इतिहास लिहावयाचा तर हजेरीपटांबरोबर ही झिजलेली यंत्रेही वाचावी लागतील. चकचकीत तबकडीवर तो इतिहास सापडणार नाही. तो पितळ उघडे पडलेल्या कडेवर आणि झाकणाच्या आतल्या सुईच्या ओरखड्यांत आहे. महागावच्या खरेदीदाराच्या दोन-तीन हजारांत तेवढा निश्चित येतो.